शंकर बाळकृष्ण दीक्षित

आकाशातील ग्रहताऱ्यांचे ज्ञान माणसाने एका दिवसात किंवा एकाच देशात मिळविले नाही. ग्रीक ज्योतिषी हिपार्कस, अलेक्झांड्रिया नगरीतील टॉलेमी, आपल्या देशातील आर्यभट, वराहमिहिर आणि भास्कराचार्य अशा अनेकांनी त्यात भर घातली. यांपैकी कोणी कोणापासून काय घेतले, याविषयी एकोणिसाव्या शतकात विद्वानांत मोठा वाद माजला होता. भारतीयांचे ज्योतिष बहुतेक ग्रीकांकडून आलेले आहे, असे कित्येक युरोपीय पंडितांचे मत होते. उलट, आपल्या पूर्वजांना सारे काही ठाऊक होते, त्यांना कोणाकडून काही शिकावे लागले नाही, असे आपल्याकडील कित्येक लोक अभिमानाने सांगत. अशा वेळी दोन्ही पक्षांचे म्हणणे गणिताच्या तराजूत घालून पाहणारे एक शिक्षक महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

दीक्षितांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, समुद्रकाठच्या मुरूड या गावी १८५३ साली झाला. गावच्या शाळेत त्यांचे मराठी शिक्षण झाले व त्याच वयात त्यांना संस्कृतचीही गोडी लागली. १८७० साली ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. पुढे १८७४ साली ते मॅट्रिक्युलेशनची परीक्षा उत्तीर्ण झाले. विश्वविद्यालयाची पदवी त्यांनी घेतली नाही. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि पुणे अशा ठिकाणी शिक्षकाची नोकरी करीत त्यांचे सारे आयुष्य गेले. दिवसा मुलांना शिकवावे आणि उरलेला वेळ जुने ग्रंथ, पंचांगे व गणित यांत घालवावा, असा त्यांचा क्रम असे.

ज्योतिषाच्या अभ्यासात त्यांना प्रथम एक व्यवहारातला प्रश्न भेटला. सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे वळतो, त्या दिवसास उत्तरायणाचा आरंभ म्हणतात. हा दिवस २२ डिसेंबरच्या सुमारास येतो. परंतु उत्तरायणाचा सण म्हणून पाळली जाणारी मकरसंक्रांत येते जानेवारीच्या मध्यास! हा फरक का पडावा? याचे कारण असे, की पृथ्वी भोवऱ्याप्रमाणे फिरता फिरता अतिशय सावकाश डोलतही असते. हे एक डोलणे पुरे होण्यास सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे ऋतूंचे बिंदू ताऱ्यांमधून हळूहळू मागे सरकतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिपार्कसने चित्रा ताऱ्याचे स्थान आपल्या पूर्वीच्या ज्योतिष्याने नोंदलेल्या स्थानाशी ताडून पाहिले, तेव्हा ही गती त्याच्या लक्षात आली. तिचे कारण मात्र न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रथम सांगितले. आपल्याकडे या गतीला अयनचलन म्हणतात. पंचांग ऋतूंशी जुळते ठेवावे, म्हणजेच ते सायन असावे, असे दीक्षितांचे मत झाले. विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक या विद्वानांबरोबर त्यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. लोकांनी जुनी रीत सोडली नाही. पण लोकांना रुचत नाही एवढ्यासाठी दीक्षितांनी आपले मत बदलले नाही.

त्यानंतर दीक्षित सोलापूर जिल्ह्यात बार्शीच्या शाळेत आले. त्या काळी बार्शी गावात आगगाडीही पोचलेली नव्हती. ती आली १८९७ साली. मोठे ग्रंथालय नाही, वेधशाळा नाही, अशा गावी राहून त्यांनी भारतीय ज्योतिषाचा समग्र इतिहास लिहिण्याचे काम अंगावर घेतले. पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीने या विषयावरील ग्रंथास बक्षीस जाहीर केले होते. वेदांपासून आपल्या काळातील पंचांगांपर्यंत शेकडो ग्रंथ दीक्षितांनी धुंडाळले. प्रत्येक ग्रंथात वर्षाचे मान किती धरले आहे, ग्रहांच्या गती किती दिल्या आहेत, हे त्यांनी स्वतः गणित करून तपासले.

या तपासणीतून काय निष्पन्न झाले, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात पाच जुन्या सिद्धान्तांचे सार एका ग्रंथात दिले आहे. त्यांतील एकाचे नाव रोमकसिद्धान्त. रोमकाचे वर्ष ३६५ दिवस, १४ घटी आणि ४८ पळे एवढे आहे. एक घटी म्हणजे २४ मिनिटे, आणि ६० पळांची एक घटी. हा हिशेब केला, तर १४ घटी ४८ पळे म्हणजे ५ तास, ५५ मिनिटे व १२ सेकंद होतात. हिपार्कसचे वर्षमानही नेमके हेच! परंतु सूर्यसिद्धान्तासारख्या इतर ग्रंथांचे वर्ष ३६५ दिवस १५ घटी आणि वर सुमारे ३१ पळे असे आहे. ते ग्रीकांच्या मानाशी जुळत नाही. तेव्हा रोमकाचे मूळ ग्रीकांकडे आहे हे उघडपणे मान्य करावे, आणि ज्यांचे अंक जुळत नाहीत त्यांना मात्र उसने म्हणू नये. सत्य शोधण्याची दीक्षितांची रीत ही अशी होती.

दुसरे उदाहरण कृत्तिकांचे. शतपथब्राह्मण या प्राचीन ग्रंथात, कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असे सांगितलेले आहे. आज मात्र त्या तशा उगवत नाहीत. सोलापूर जिल्ह्यातील कोणत्याही मोकळ्या माळावरून हे पाहता येते. होटगीचेच उदाहरण घ्यावे. सोलापूरजवळच्या या गावाहून विजापूरकडे जाणारा लोहमार्ग फुटतो. कार्तिक महिन्यात, शेतांत शाळू उभा असताना, रात्रीच्या पहिल्या प्रहरी तेथील क्षितिजाकडे पाहिले, तर कृत्तिकांचा लहानसा पुंजका ठीक पूर्वेस दिसत नाही. तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे उगवतो. हात लांब करून मूठ धरली असता आकाशात तिची रुंदी सुमारे १० अंश भरते. म्हणजे हे अंतर अडीच मुठी झाले. ठीक पूर्व कोठे, हे २१ मार्च किंवा २३ सप्टेंबर या दिवसांच्या सुमारास सूर्योदय पाहून खूण करून ठेवली, तर सहज कळते.

दीक्षितांनी असा विचार केला, की अयनचलनामुळे कृत्तिका उत्तरेकडे सरकल्या असतील, तर त्या ठीक पूर्वेस कधी उगवत होत्या हे गणिताने काढता येईल. उत्तर आले, इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे. हे संशोधन त्यांनी १८९५ साली प्रसिद्ध केले. मूळ वाक्याचा अर्थ कसा लावावा, याविषयी विद्वानांत अजून एकमत नाही. परंतु ताऱ्यांच्या जागेवरून ग्रंथाचा काळ शोधण्याची ही रीत सर्वांच्या विचारास पात्र ठरली.

इतिहाससंशोधकांनाही त्यांच्या गणिताचे साह्य झाले. गुप्त राजांच्या शिलालेखांतील वर्षे कोठून मोजावयाची, याबद्दल तेव्हा मतभेद होते. डॉ. फ्लीट यांनी हे काम हाती घेतले तेव्हा दीक्षितांनी त्यांना गणिते करून दिली. मध्य प्रदेशातील एरण येथील स्तंभावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असे कोरलेले आहे. हा दिवस २१ जून ४८४ हा येतो आणि वारही जुळतो. एका तिथीने व एका वाराने गुप्तांच्या इतिहासाला पक्का आधार मिळाला. पुढे रॉबर्ट सेवेल यांच्या सहकार्याने दीक्षितांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. तो १८९६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी त्यांचा मुख्य मराठी ग्रंथ, भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन व अर्वाचीन इतिहास, छापून बाहेर पडला. सामान्य वाचकांना आकाशाची ओळख व्हावी म्हणून त्यांनी ज्योतिर्विलास हे सुबोध पुस्तकही लिहिले होते. परंतु या यशानंतर त्यांना फार आयुष्य लाभले नाही. १८९८ साली, वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले.

त्यांचे काम मात्र मागे उरले. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारण्यासाठी समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष वसंतसंपाताला धरून, म्हणजे सायन पद्धतीने, मोजले जाते. दीक्षितांच्या मराठी ग्रंथाची हिंदी व इंग्रजी भाषांतरेही झाली.

आपल्या देशाचा अभिमान दीक्षितांना होताच. पण अभिमानाने गणिताचे उत्तर बदलू नये, हे त्यांनी कधी विसरू दिले नाही. परक्यांचे ऋण जेथे होते तेथे त्यांनी ते मान्य केले. म्हणूनच, जेथे ते नव्हते असे त्यांनी सांगितले, तेथे परक्यांनाही त्यांचे म्हणणे ऐकावे लागले.