कार्लो अबार्थ: गाडी ओरिजिनल ठेवावी की मॉडिफाय करावी, याचं उत्तर लाकडी खोक्यातून विकणारा माणूस

नवा फोन हातात आला की दोन प्रकारची माणसं दिसतात. एक जण कंपनीने दिलेली सिस्टीम तशीच वापरतो, अपडेट आला की टाकतो, बस्स. दुसरा पहिल्याच आठवड्यात फोन रूट करून कस्टम रॉम टाकतो. गाड्यांच्या दुनियेतही हेच दोन गट आहेत. एक म्हणतो, इंजिनिअरांनी डोकं लावून बनवलेल्या गाडीला हात लावू नका. दुसरा म्हणतो, कंपनीने गाडी सगळ्यांसाठी बनवली, मी ती माझ्यासाठी बनवतो.

हा वाद समजून घ्यायचा असेल तर एका माणसाचं आयुष्य बघायला हवं. त्याचं नाव कार्लो अबार्थ. दुसऱ्यांनी बनवलेल्या गाड्या बदलणं हाच त्याचा धंदा होता. आणि आज गंमत अशी आहे की त्याने बदललेल्या गाड्यांमध्येच लोक ओरिजिनल कोणती आणि नकली कोणती हे शोधत बसतात. हे कसं झालं ते पाहू.

बाइकपासून सुरुवात

कार्लचा जन्म 15 नोव्हेंबर 1908 रोजी ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नामध्ये झाला. पुढे इटलीत स्थायिक झाल्यावर कार्लचा कार्लो झाला. तारखेवरून रास लक्षात आली असेल, वृश्चिक. म्हणूनच त्याच्या कंपनीच्या लोगोत विंचू आहे.

तरुणपणी तो मोटरसायकलच्या शर्यती खेळायचा आणि बाइकवर स्वतःच काम करायचा. एका अपघातानंतर तो साइडकारच्या शर्यतींकडे वळला. साइडकारसुद्धा तयार घेतली नाही, आपल्या पद्धतीने डिझाइन केली. 1934 मध्ये त्याने या साइडकारवर बेल्जियममधलं ओस्टेंड ते व्हिएन्ना या मार्गावर चक्क ओरिएंट एक्सप्रेस रेल्वेशी शर्यत लावली आणि तिला हरवलं. अंतर होतं साधारण 1300 किमी.

1930 च्या दशकाच्या अखेरीस युगोस्लाव्हियात त्याला दुसरा मोठा अपघात झाला आणि बाइकवरच्या शर्यती कायमच्या थांबल्या. आता वेग हवा असेल तर तो दुसऱ्याच्या हातात द्यायच्या यंत्रातून काढावा लागणार होता.

युद्धानंतर तो इटलीत सिसितालिया नावाच्या कंपनीत शिरला. पिएरो दुसियो या उद्योजकाची ही छोटी कंपनी फियाटचे भाग वापरून रेसिंग कार बनवायची. पोर्शेच्या इंजिनिअरांकडून तिने एक महागडी ग्रां प्री कारही बनवून घेतली. तो खर्च झेपला नाही आणि कंपनी बुडाली. त्यातून उरलेल्या काही गाड्या आणि सुटे भाग घेऊन अबार्थने 1949 मध्ये बोलोन्यात स्वतःची कंपनी काढली आणि लवकरच ती तुरिनला, म्हणजे फियाटच्या दारात, नेली. 10 एप्रिल 1950 रोजी सिसिलीतल्या घाटाच्या शर्यतीत तात्सियो नुव्होलारी या दिग्गज ड्रायव्हरने अबार्थची गाडी चालवून आपल्या वर्गात पहिला नंबर काढला. ती नुव्होलारीची शेवटची शर्यत ठरली.

नाव झालं, पण शर्यतीने पोट भरत नाही. पैसा आला तो एका पाइपमधून.

सायलेन्सरचा धंदा

साध्या सायलेन्सरच्या आत कप्पे आणि आडवे पत्रे असतात. इंजिनातून निघालेला धूर त्यातून वळणं घेत जातो आणि आवाज कमी होतो. पण धूर बाहेर ढकलायला इंजिनाला जोर लावावा लागतो आणि थोडी ताकद तिथेच खर्च होते.

अबार्थच्या सायलेन्सरमध्ये बारीक छिद्रं पाडलेली एक सरळ नळी होती आणि तिच्याभोवती काचेच्या तंतूंचा थर. धूर सरळ निघून जातो, आवाजाचा बराचसा भाग तो थर शोषून घेतो. अडथळा कमी होतो आणि आवाज भारदस्त येतो. नीट लक्षात घ्या, हा सायलेन्सरच होता. आतला माल काढून पोकळ केलेला डबा नव्हता.

तेव्हा इटलीतल्या सामान्य माणसाला स्पोर्ट्स कार परवडत नव्हती. पण छोट्या फियाटला अबार्थचा पाइप लावणं परवडत होतं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ही कंपनी वर्षाला दोन लाखांहून जास्त सायलेन्सर बनवत होती आणि त्यातले बरेच परदेशी जात होते. खरं सांगायचं तर नुसता पाइप बदलून छोट्या इंजिनाची ताकद फार वाढत नाही. बऱ्याच गिऱ्हाइकांना आवाज आणि विंचवाचं चिन्हच हवं असणार. अबार्थला हे कळत होतं. म्हणून तो पुढच्या पायरीवर गेला.

एक पार्ट नाही, पूर्ण साखळी

1955 मध्ये फियाटची 600 ही छोटी गाडी आली. इंजिन मागे, 633 सीसीचं, ताकद साधारण 22 हॉर्सपॉवर. कुटुंबाची गाडी. फियाट म्हटलं की मुंबईकरांना काळीपिवळी टॅक्सी आठवते. कुर्ल्यात बनणारी ती प्रीमियर पद्मिनी फियाटच्याच 1100 या मॉडेलवर आधारलेली होती. 600 तिच्याहून बरीच लहान.

अबार्थने या 600 चं इंजिन उघडलं. सिलिंडरचा व्यास 60 मिमीवरून 61 केला. खरा बदल पुढे होता. पिस्टन वरखाली जाण्याचं अंतर, म्हणजे स्ट्रोक, 56 मिमीवरून 64 वर नेलं. त्यासाठी नवा क्रँकशाफ्ट लागला. इंजिन झालं 747 सीसी. मग मोठा कार्ब्युरेटर, जास्त कॉम्प्रेशन आणि अर्थातच स्वतःचा सायलेन्सर. ताकद 40 हॉर्सपॉवरच्या आसपास पोहोचली, म्हणजे जवळजवळ दुप्पट. जी गाडी ताशी 100 किमीपर्यंत जेमतेम जायची, ती 130 च्या घरात गेली.

इथेच अबार्थ आणि गल्लीतला हौशी मेकॅनिक वेगळे होतात. इंजिनाची ताकद म्हणजे प्रत्येक फेरीत किती हवा आणि इंधन जळतं आणि मिनिटाला अशा किती फेऱ्या होतात, याचा हिशोब. हवा जास्त आत घ्यायची तर ती बाहेर जायची वाटही मोठी हवी. जास्त जाळायचं तर उष्णताही जास्त, म्हणजे कूलिंग वाढवायला हवं. वेग वाढला की ब्रेक वाढवायला हवेत. एक कडी बदलली की बाकीच्या बदलाव्याच लागतात.

त्याच्या नंतरच्या गाड्यांमध्ये ही साखळी डोळ्यांनी दिसते. 1961 च्या 850 टीसी मॉडेलला पुढे डिस्क ब्रेक आले. शर्यतीच्या 1000 मॉडेलमध्ये पुढच्या बंपरच्या जागी रेडिएटरचा मोठा डबा आला. मागचं इंजिनाचं झाकण तर कायम उघडं टेकवून ठेवलेलं असायचं. बघणाऱ्याला ती स्टाइल वाटते. पण मुख्य काम होतं गरम हवा बाहेर काढणं, आणि वेगात हवेचा प्रवाह सुधारायलाही त्याची मदत व्हायची.

1963 मध्ये त्याने त्याहून छोट्या फियाट 500 ला हात घातला. 499 सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन 594 सीसीचं झालं, गाडीचं नाव पडलं 595, ताकद 27 हॉर्सपॉवर आणि वेग ताशी 120 किमी.

पूर्ण गाडी घ्यायची ऐपत नसेल तर? त्याचीही सोय होती. एका लाकडी खोक्यात सगळे जुळणारे भाग एकत्र मिळायचे. आधीच चालवत असलेली फियाट घ्या आणि हे खोकं तिच्यावर बसवा. थोडक्यात, टेस्ट करून दिलेला अपडेट, हार्डवेअरमधला.

कंपनीची संमती

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे अबार्थने हे फियाटच्या पाठीमागून केलं नाही. 1958 पासून तर अबार्थच्या गाड्यांनी जिंकलेल्या शर्यती आणि मोडलेले विक्रम यांसाठी फियाट त्याला बक्षीस देऊ लागली. कारण सोपं होतं. शर्यत जिंकणारी गाडी दिसायला आपल्या दारातल्या फियाटसारखीच होती, त्यामुळे जाहिरात फियाटची होत होती.

पोर्शेबरोबरचा अनुभव मात्र वेगळा होता. पोर्शेची 356 ही तर मुळातच स्पोर्ट्स कार. तिच्या शर्यतीच्या आवृत्तीसाठी हलकी ॲल्युमिनियमची बॉडी बनवायचं काम अबार्थला मिळालं. इंजिन आणि सांगाडा पोर्शेचा, कवच इटलीचं. साधारण 20 गाड्या झाल्या. 1960 च्या ल मान्स 24 तासांच्या शर्यतीत तिने आपल्या वर्गात पहिला नंबर काढला. पण आत बसायला जागा अपुरी, बनावटीत सफाई कमी आणि पावसात पाणी आत यायचं. पोर्शेसारख्या काटेकोर कंपनीला हे पटणारं नव्हतं. ही जोडी पुढे टिकली नाही.

दोन्ही बाजूंचं म्हणणं इथे एकाच गाडीत दिसतं. मॉडिफाय केलेली गाडी जास्त वेगवान होती, आणि कारखान्याची गाडी जास्त नीट बनलेली होती. तुम्हाला काय हवंय, त्यावर उत्तर ठरतं.

सफरचंदं आणि शेवट

अबार्थचा हट्ट किती होता याचा एक किस्सा. 1965 च्या ऑक्टोबरमध्ये मोंझाच्या ट्रॅकवर कंपनीचा शंभरावा विक्रम करायचा होता आणि गाडी स्वतः चालवायची होती. पण 56 वर्षांच्या अबार्थचं अंग त्या अरुंद गाडीत मावत नव्हतं. मग काय, सफरचंदांचा डाएट करून त्याने 30 किलो वजन उतरवलं, गाडीत बसला आणि विक्रम केला. गाडीत बदल करण्याऐवजी या वेळी त्याने स्वतःतच बदल केला!

पण शर्यतींचा खर्च वाढतच गेला. सिसितालियाला ज्या खड्ड्यात पडताना पाहिलं होतं, त्याच खड्ड्याच्या काठावर त्याची कंपनी आली. 1971 मध्ये त्याने ती फियाटला विकली. ज्या कंपनीच्या गाड्या आयुष्यभर बदलल्या, शेवटी तीच मालक झाली. 24 ऑक्टोबर 1979 रोजी व्हिएन्नामध्ये त्याचं निधन झालं.

मग ओरिजिनल कोणती?

आज जुन्या अबार्थ गाड्यांना संग्राहकांमध्ये मोठी मागणी आहे. पण प्रश्न असा की तेव्हा खोक्यातून भाग विकले गेले होते. मग एखादी गाडी अबार्थच्या कारखान्यात तयार झाली, की कुणी 1964 मध्ये गॅरेजमध्ये खोकं बसवलं, की कुणी मागच्या वर्षी जुन्या फियाटला विंचू चिकटवला? बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात. किमतीत मात्र खूप फरक. म्हणून कागदपत्रं, इंजिन नंबर आणि कंपनीचं प्रमाणपत्र यांना महत्त्व आलं. आणि नकली अबार्थ बनवण्याच्या नादात एक चांगली जुनी फियाट कायमची हरवते, हे नुकसान कुणी मोजत नाही.

लाकडी खोक्याची कल्पना मात्र टिकली. 2008 नंतर फियाटने नवी अबार्थ 500 आणली, तेव्हा तिची ताकद वाढवणारं किट पुन्हा लाकडी खोक्यातच मिळायचं, आणि ते अधिकृत डीलरकडेच बसवलं जायचं. भारतातही 2015 मध्ये अबार्थ पुंटो आली, 145 हॉर्सपॉवरची. ती पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात बनायची. म्हणजे विंचवाचा शिक्का असलेली गाडी आपल्या महाराष्ट्रातही तयार झाली आहे.

तुमच्या गाडीसाठी याचा अर्थ काय?

आज क्रँकशाफ्ट बदलायची गरज नाही. लॅपटॉप जोडून इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, म्हणजे ईसीयूचं, प्रोग्रामिंग बदललं की टर्बो गाडीची ताकद काही मिनिटांत वाढते. पण क्लच, गिअरबॉक्स, कूलिंग आणि ब्रेक जुनेच राहतात. साखळीची एकच कडी बदलली. अबार्थने हेच टाळलं होतं.

आपल्याकडे कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, आरसीवरची माहिती कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. सीएनजी किट किंवा दिव्यांग व्यक्तींसाठीचे बदल यांसारख्या गोष्टी ठरलेल्या नियमांनुसार आणि आरटीओकडे नोंद करून होतात. शिवाय वॉरंटी आणि विम्याचा क्लेम अडकू शकतो तो वेगळाच.

म्हणून गाडीला हात लावण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा बदल केल्यावर आणखी काय काय बदलावं लागेल? हे कोणी टेस्ट केलंय आणि त्याची जबाबदारी कोण घेणार? आणि उद्या वाटलं तर गाडी परत मूळ स्थितीत आणता येईल का? तिन्हीची उत्तरं हातात असतील तर ते मॉडिफिकेशन. नसतील तर ती फक्त तोडफोड, आणि अशा वेळी कारखान्याची ओरिजिनल गाडीच बरी. काढलेले मूळ पार्ट मात्र भंगारात देऊ नका, जपून ठेवा. गाडी विकताना घेणारा पहिल्यांदा तेच विचारेल.