बालवर्गापासून आरंभ करणाऱ्या पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपल्या मंडळ्यांत केडगावचे मुक्तिसदन, दुष्काळातून वाचविलेल्या मुली, १९०५ चे संजीवन आणि पवित्र शास्त्राचे भाषांतर यांची आठवण होते. लहान मुलांना अक्षरओळख कोणी व कशी करून द्यावी, या प्रश्नाचा त्यांनी किती खोलवर विचार केला होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

२३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताविरुद्ध जाऊन पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले होते आणि रमाबाईंना शिकविले ते या आईने. घरकाम व तीर्थयात्रा यांतून तिला सवड मिळे ती पहाटेची. झोपेतल्या लेकीला मांडीवर घेऊन ती श्लोक म्हणवून घेई. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या मुलीला पुढे भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले. मराठीही तिला आईवडिलांकडूनच मिळाली. कानडी मुलखात जन्मून देशभर पायी हिंडणाऱ्या त्या कुटुंबाने घरातली भाषा सोडली नाही. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने भिलाईस स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना यातील मर्म सांगावयास नको. शाळा हिंदी वा इंग्रजी असली म्हणजे मराठी वाचनाचा पहिला गुरू घरातच शोधावा लागतो.

१८७४ च्या सुमारास दुष्काळाने आईवडील गेले, पुढे भाऊ श्रीनिवास गेला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचेही निधन झाले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. पुण्यात शिक्षिका तयार करणारे सरकारी विद्यालय १८७० पासून होते, तरी मुलींच्या बहुतेक शाळा पुरुष पंतोजींच्याच हाती होत्या. रमाबाईंनी नेमके येथेच बोट ठेवले. मुलींच्या शाळांना स्त्रियाच शिक्षिका हव्यात, त्या सधवा असोत, कुमारिका असोत वा विधवा. त्यांना आधी स्वतःची मातृभाषा शुद्ध लिहिता व बोलता यावी. प्रशिक्षणकाळात त्यांना शिष्यवृत्ती, पुढे भरीव वेतन आणि शाळेच्या आवारातच राहण्यास घर मिळावे. तपासणीसही स्त्रियाच असाव्यात. चोवीस वर्षांच्या त्या विधवेने वेतन आणि घर या गोष्टी अगत्याने मांडल्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे. शिक्षिकेच्या त्यागाचे गुणगान करून तिला अल्प वेतनावर राबविण्याची रीत त्यांना मान्य नव्हती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकण्याच्या हेतूने. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकविले व स्वतः गणित, विज्ञान आणि इंग्रजी यांचा अभ्यास केला.

मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. मुक्काम थोडा होता, पण तो जवळजवळ तीन वर्षे लांबला. त्या शहरात त्यांनी बालोद्यान पद्धती पाहिली आणि शिक्षिकांच्या प्रशिक्षणवर्गात आपले नाव घातले. संस्कृत सभा जिंकलेली, पंडिता व सरस्वती या पदव्या लाभलेली विदुषी आता रंगीत लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे घेऊन बसली! जर्मनीच्या फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) यांची ही पद्धती आपल्या गावठी शाळेच्या अगदी उलट होती. आपल्याकडे पोर धूळपाटीवर तेच अक्षर गिरवी, उजळणी घोकी आणि चुकले की छडी खाई. फ्रोबेलच्या वर्गात मूल आधी हाताळते, रचते, गाते, कागदाच्या पट्ट्या विणते. आकार ओळखू लागलेल्या डोळ्याला आणि वळण लागलेल्या बोटांना अक्षर जड जात नाही. पद्धत कळली, पण मराठी मुलींच्या हाती द्यावयाचे पुस्तक कोठे होते? म्हणून व्याख्याने आणि निधिसंकलन यांच्या धावपळीतही रमाबाईंनी मराठी वाचनपुस्तके तयार करण्याचे काम हाती घेतले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. बालविधवांना आश्रय देणारे घर म्हणून ते प्रसिद्ध आहे, पण तेथे बालोद्यानाचा वर्ग होता आणि थोरल्या मुलींना त्या वर्गावर शिकविण्याचे शिक्षण मिळे. घराला ओझे झालेल्या विधवेने शिक्षिका होऊन स्वतःच्या पायांवर उभे राहावे, ही त्यामागील योजना होती. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले, सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि वीसहून अधिक मुलींना पालकांनी काढून नेले. तयार होत आलेल्या काही शिक्षिका त्यांत गेल्या असतील, ही हानी सहसा कोणी मोजत नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळला. हा प्रांत नर्मदाकाठापासून रायपूरपर्यंत पसरला होता. आजचे भिलाई त्या वेळी रायपूर जिल्ह्यातच मोडत असे. रमाबाई जबलपूर, नरसिंगपूर, सोहागपूर भागात गेल्या आणि तेथून शेकडो मुली केडगावास आणल्या. अन्नाची वासना तेवढी उरलेल्या, अक्षराची चाहूलही नसलेल्या या मुलींना शिकविणार कोण? शारदा सदनातील थोरल्या मुलीच पुढे झाल्या. कालच्या विद्यार्थिनी आज शिक्षिका झाल्या आणि त्यांच्या हाताखालून निघालेल्या मुली पुढे नव्या आलेल्यांना शिकवू लागल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर संख्या दीड हजारांच्या पुढे गेली, तेव्हा ही साखळी नसती तर बाहेरून एवढ्या शिक्षिका आणणे अशक्यच होते. अंध मुलींसाठीही वाचनाचा वर्ग निघाला. शारदा सदनाच्या शाळेचा भार मनोरमाबाईंनी उचलला व ती माध्यमिक शाळेपर्यंत नेली.

आपल्याकडे शब्बाथ शाळेचा सर्वांत लहान वर्ग ज्याला दुसरे काम नाही त्याच्याकडे सोपविण्याची प्रथा आहे. रमाबाईंच्या संस्थेत असे चालले नसते.

नुकते वाचू लागलेल्या या मुलींच्या हाती अखेर कोणते पुस्तक द्यावयाचे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. प्रचलित मराठी शास्त्रातील संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी इब्री व ग्रीक शिकून सोप्या मराठीत भाषांतर आरंभिले. मुक्तीच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवीत. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. तरी रमाबाईंनी मुद्रिते तपासणे सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला आणि १९२४ मध्ये ते संपूर्ण शास्त्र केडगावातच छापून बाहेर पडले.