दासोपंतांची पासोडी आणि लिनक्समधलं कायमचं सेटिंग

घाटनांदूर अंबाजोगाई तालुक्यात येतं, आणि अंबाजोगाई म्हटलं की दासोपंत आलेच. टर्मिनल बंद केलं की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल गायब का होतो आणि तो कायमचा कसा ठेवायचा, हे आज त्यांच्या चरित्राच्या सोबतीनं पाहू.

वडिलांकडून मुलाकडे

दासोपंतांचा जन्म १५५१ चा, बीदरच्या राज्यातल्या नारायणपेठचा. वडील दिगंबरपंत देशपांडे, आई पार्वतीबाई. चरित्रकार सांगतात, की सरकारी वसूल थकला आणि बादशहानं लहानग्या दासोपंतांना ओलीस ठेवलं. मुदतीत पैसे आले नाहीत तर धर्म बदलावा लागणार होता. शेवटच्या क्षणी पाडेवाराच्या रूपात दत्तानंच रक्कम भरली, अशी श्रद्धा आहे. मुलगा सुटला, पण पुढे घरात रमला नाही. माहूर, राक्षसभुवन अशी ठिकाणं करत अखेर तो अंबाजोगाईत स्थिरावला.

बापाची थकबाकी लेकावर आली. शेलमध्येही असंच असतं. तुम्ही एक्सपोर्ट केलेला व्हेरिएबल त्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला वारशानं मिळतो. उलटं मात्र होत नाही. आत चालणाऱ्या प्रोग्रामनं किंमत बदलली, तरी बाहेरच्या शेलला पत्ता नसतो. आणि तो शेल बंद झाला, की त्यात नुसतं टाइप केलेलं सगळं संपतं.

लिहून ठेवलं ते उरलं

दासोपंतांनी अफाट लिहिलं. गीतार्णव हा त्यांचा गीतेवरचा ग्रंथ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. रोज एका ढबू पैशाची शाई त्यांना लागायची, असं म्हणतात. पण सगळ्यात नवलाची त्यांची पासोडी. पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडते ते सांगणारं पंचीकरण त्यांनी सुमारे ४० फूट लांब कापडावर लिहिलं. १६१५ साली माघ वद्य षष्ठीला ते गेले. बोललेलं हवेत विरलं, पासोडी मात्र अंबाजोगाईत राहिली.

बॅश शेलची पासोडी म्हणजे तुमच्या होम फोल्डरमधली डॉट बॅशआरसी फाइल. नवीन टर्मिनल उघडलं, की बॅश ती आधी वाचतो. म्हणून:

१. नॅनो एडिटरमध्ये ही फाइल उघडा.
२. शेवटी एक ओळ लिहा: आधी एक्सपोर्ट, मग जागा सोडून व्हेरिएबलचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत. चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही.
३. सेव्ह करा आणि चालू टर्मिनलमध्ये सोर्स कमांडनं फाइल पुन्हा वाचायला लावा.

लॉगिनपासूनच हवा असेल तर डॉट प्रोफाइल फाइल वापरा. मशीनवरच्या सगळ्यांसाठी हवा असेल, तर उबुंटूसारख्या सिस्टिमवर ईटीसी फोल्डरमधली एन्व्हायर्नमेंट नावाची फाइल आहे. तिच्यात एक्सपोर्ट शब्द लिहायचा नसतो, आणि बदल पुढच्या लॉगिनला लागू होतो.

एक सावधगिरी

पाथ बदलताना जुनी किंमत ठेवून, कोलन देऊन, नवं फोल्डर पुढे जोडा. जुनं पुसलंत तर एलएससारखी साधी कमांडही सापडणार नाही, आणि चूक फाइलमध्ये असल्यानं ती प्रत्येक नव्या टर्मिनलमध्ये परत येईल. लिहिलेलं टिकतं, मग ते चुकीचं असलं तरी! म्हणून आधी फाइलची कॉपी काढा, मगच हात घाला.