वेठीची बेडी तोडणाऱ्या गोदावरीबाई परुळेकर

दास्य दोन प्रकारचे असते. एक देहाचे, दुसरे मनाचे. देहाचे दास्य धन्याच्या बळाने चालते. मनाचे दास्य दासाच्या स्वतःच्या समजुतीने चालते. पहिले दास्य बाहेरून कोणी तोडले तरी दुसरे शिल्लक असेल तोवर मनुष्य पुन्हा त्याच दाराशी जाऊन उभा राहतो. हा भेद ओळखून ज्यांनी लोकसेवा केली, त्यांत डहाणू-तलासरीच्या वारली समाजात आयुष्य वेचणाऱ्या श्रीमती गोदावरीबाई परुळेकर यांची गणना करावी लागते. त्यांचा मार्ग राजकारणाचा होता व विचार साम्यवादी होता. तो सर्वांस मान्य होईल असे नाही. तथापि परदुःखाने ज्यांचे चित्त कळवळले, त्यांचे चरित्र अवलोकन करण्यास मतभेदाची आडकाठी नसावी.

गोदावरीबाईंचा जन्म १९०७ साली पुणे येथे गोखले घराण्यात झाला. वडील वकील होते. घर सुखवस्तू व सुशिक्षित होते. फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेऊन पुढे त्यांनी कायद्याची पदवी संपादन केली. त्या काळी स्त्रीने असे करणे ही अपूर्व गोष्ट होती. वकिली करून सुखाने राहण्याचा मार्ग मोकळा असता त्या सत्याग्रहात उतरल्या आणि त्यांनी कारावास पत्करला. पुढे भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य झाल्या. मुंबईत साक्षरता प्रसाराचे व घरकामगारांच्या संघटनेचे कार्य त्यांनी केले. १९३९ साली श्री. शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि दोघांनीही किसान सभेच्या कार्यास वाहून घेतले.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तिच्या निमित्ताने उंबरगाव-डहाणू भागातील वारल्यांचे दुःख त्यांच्या दृष्टीस आले. ते दुःख असे होते की, वारली आपल्याच पूर्वजांच्या भूमीवर कूळ झाला होता. खंड द्यावयाचा, शिवाय जमीनदाराच्या शेतावर, गवतावर व घरी फुकट राबावयाचे, यास वेठ म्हणत. लग्नासाठी सावकाराकडून काही रुपये उचलले की नवरा-बायको दोघेही त्याच्या घरी बांधली जात. त्यांस लग्नगडी म्हणत. कर्ज फिटत नसे आणि गडीपण सुटत नसे. मार, उपवास व अब्रूचा नाश हे नित्याचे झाले होते. अधिक दुःखाची गोष्ट ही की, हे सर्व आपल्या नशिबीच आहे असे त्या भोळ्या लोकांस वाटत होते.

गोदावरीबाई त्यांच्या पाड्यांतून पायी हिंडल्या, त्यांच्या झोपडीत राहिल्या, त्यांचीच भाकर खाल्ली. प्रारंभी कोणी मोकळेपणी बोलेना, कारण बोलणाऱ्याच्या पाठीवर जमीनदाराचा कोरडा होता. त्यांनी धीर सोडला नाही. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी सुमारे ५,००० वारली एकत्र जमले. तेथे ठरले ते साधेच होते. वेठ करावयाची नाही. जमीनदाराच्या खाजगी जमिनीवर काम करावयाचे तर दररोज बारा आणे रोख मजुरी घ्यावयाची. कोणी मारू लागल्यास प्रतिकार करावयाचा. आणि सर्वांनी एकीने राहावयाचे. या चार गोष्टी गावोगाव पसरल्या. वारली पाड्यापाड्यांत जाऊन लग्नगड्यांस मोकळे करू लागले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वेठ थोड्याच काळात मोडली.

यावर उलट आघात व्हावयाचाच होता. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे हजारो वारली जमले. गोदावरीबाईंच्या जिवास धोका आहे, अशी खोटी आवई कोणी उठविली होती. ज्यांच्यासाठी ते धावून आले, त्या गोदावरीबाई तेथे नव्हत्याच. पोलिसांनी त्या समुदायावर गोळीबार केला. जेठ्या गांगड आदी पाच जणांनी देह ठेवला. येथे विचारी वाचकाने थांबावे. लोकांचे प्रेम एका व्यक्तीवर जडले की त्याच प्रेमाचे शत्रू जाळे करतो. म्हणून उपकारकर्त्याने स्वतःवरील श्रद्धेपेक्षा लोकांचा विवेक अधिक जागा करावा, हा बोध या प्रसंगातून घ्यावा. गोळीबाराने वारली पांगले, पण वेठीस परत गेले नाहीत, यावरून तो विवेक त्यांच्यात उगवला होता हे दिसते. पुढे परुळेकर दांपत्यास ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले, तरी लढा चालू राहिला. १९४६ च्या अखेरीस जंगलकामासाठी दररोज किमान सव्वा रुपया मजुरी मान्य करून घेण्यात आली.

स्वातंत्र्यानंतरही त्यांचा कारावास संपला नाही. १९६५ साली शामराव बंदिवासात असतानाच निवर्तले. पतीच्या मागे गोदावरीबाईंनी त्याच भूमीत कार्य पुढे चालविले. वारल्यांचा हा इतिहास त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात लिहिला. तो १९७० साली प्रसिद्ध झाला व १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. ग्रंथाच्या नावातच त्यांच्या कार्याचे मर्म आहे. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षा झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे देहावसान झाले. ज्या तलासरीत अक्षरओळख दुर्मीळ होती, तेथे आज त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे.

स्त्री-शूद्रांस ज्ञानाचा अधिकार आहे, हे आपल्या पंथास नवीन नाही. परंतु जो अधिकार आपण पोथीत वाचतो, तो पाड्यावरील उपाशी मनुष्यापर्यंत नेण्यास आपली पावले किती चालली, हा प्रश्न हे चरित्र वाचताना प्रत्येक साधकाने व वासनिकाने स्वतःस विचारावा. पुण्याच्या वाड्यातून निघून वारल्याच्या झोपडीत भाकर खाणारी ही बाई त्या प्रश्नाचे आपले उत्तर देऊन गेली आहे. आपले उत्तर आपणांस द्यावयाचे आहे.