डीपीपासून मोबाइलच्या पॅडपर्यंत: मायकेल फॅराडे

अमरावतीचा राजकमल चौक असो की अकोल्याचा गांधी रोड, मोबाइलच्या दुकानात आता एक चपटी गोल तबकडी विकायला ठेवलेली दिसते. तिच्यावर फोन नुसता ठेवला की चार्ज होऊ लागतो. पिन खुपसायची नाही, वायर तुटायची भानगड नाही. गिऱ्हाईक ती उलटसुलट करून पाहतं आणि हमखास विचारतं की मधे तार नाही, तर करंट येतो कुठून? दुकानदार पुन्हा एकदा फोन ठेवून दाखवतो. उत्तर म्हणून तेवढंच.

खरं उत्तर गावाच्या शिवारात खांबांवर टांगलेलं आहे. आपण ज्याला डीपी म्हणतो त्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत तारेची दोन वेगवेगळी वेटोळी असतात. एकात ११,००० व्होल्टची वीज येते, दुसऱ्यातून घराला आणि मोटारपंपाला झेपेल एवढ्या दाबाची वीज बाहेर पडते. या दोन वेटोळ्यांना जोडणारी तार नसते. मधे कागद आणि तेल असतं. म्हणजे वऱ्हाडातला शेतकरी कित्येक वर्षं बिनतारेने ओलांडून आलेल्या विजेवरच हरभरा ओलवतो आहे. फक्त त्याला वायरलेस म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

डीपीचं आणि पॅडचंही मूळ १८३१ साली लंडनमध्ये तयार झालेल्या एका लोखंडी कड्यात आहे. ते करणाऱ्या माणसाचं शिक्षण जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरतं होतं, आणि त्याच्या पहिल्या कामांपैकी एक होतं वर्तमानपत्रं पोहोचवण्याचं.

मायकेल फॅराडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा. वडील लोहार, तेही कायम आजारी. १८०१ मध्ये धान्य महागलं तेव्हा घरात मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तोच सात दिवस पुरवावा लागे. तेराव्या वर्षी तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे कामाला लागला. तेव्हा वर्तमानपत्र विकत घेणं सगळ्यांना परवडत नसे, ते भाड्याने दिलं जाई. मुलाने एका घरी अंक द्यायचा, तिथलं वाचन झालं की तोच परत घेऊन पुढच्या घरी न्यायचा. वर्षभराने रिबो यांनी त्याला बुकबाइंडिंग शिकायला ठेवून घेतलं आणि इथे त्याचं नशीब उघडलं. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचू लागला. ब्रिटानिका ज्ञानकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या लेखिकेचं रसायनशास्त्रावरचं सोपं पुस्तक, या दोन गोष्टींनी त्याला वेड लावलं. शाळेबाहेर शिकलेल्या माणसांच्या कहाण्यांत मालक सहसा खलनायक असतो. रिबो तसे नव्हते, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी पोराला वाचू दिलं.

१८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचे सर्वांत गाजलेले रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने व्याख्यानं टिपून घेतली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने त्यांचं पुस्तक बांधलं आणि नोकरीच्या विनंतीसह डेव्हींकडे पाठवलं. जागा नव्हती. पुढे प्रयोगशाळेतल्या एका नोकराला मारामारीवरून काढून टाकलं गेलं आणि १ मार्च १८१३ रोजी फॅराडे त्या जागी रुजू झाले. राहायला माडीवरच्या दोन खोल्या मिळाल्या. लगेच डेव्ही पतिपत्नींबरोबर युरोपचा दीर्घ दौरा घडला. त्यात शास्त्रज्ञांच्या भेटी झाल्या आणि बाईंकडून नोकरासारखी वागणूकही मिळाली.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांना दिसलं की तारेतून वीज वाहू लागली की शेजारच्या होकायंत्राची सुई हलते. म्हणजे विजेतून चुंबकत्व मिळतं. मग चुंबकत्वातून वीज का मिळू नये? हा प्रश्न अनेकांना पडला होता. फॅराडे यांनी १८२५ मध्ये प्रयत्न केले, हाती काही लागलं नाही. पुढची काही वर्षं रॉयल सोसायटीने सोपवलेल्या दुर्बिणीच्या काचा सुधारण्याच्या कामात गेली. एवढा मोठा प्रश्न डोक्यात असताना काच वितळवत बसणं जिवावर येत असणार.

अखेर २९ ऑगस्ट १८३१ हा दिवस उजाडला. त्यांनी मऊ लोखंडाचं सहा इंच व्यासाचं भरीव कडं करून घेतलं होतं. त्याच्या एका अर्ध्या भागावर तांब्याची तार गुंडाळली, दुसऱ्या अर्ध्यावर वेगळी तार. आज मिळते तशी लेप दिलेली तार तेव्हा नव्हती. म्हणून वेढे एकमेकांना चिकटू नयेत यासाठी त्यांनी मधे दोरा आणि सुती कापड घातलं. ते कापड होतं कॅलिको, ज्याला नावच आपल्या कालिकतवरून पडलं आहे. कापसाच्या मुलखातल्या वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही: जगातल्या पहिल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कापसाचं होतं.

एका वेटोळ्याला बॅटरी जोडायची, दुसऱ्याची तार तीन फुटांवरच्या चुंबकसुईवरून न्यायची, अशी मांडणी होती. बॅटरी जोडली तशी सुई थरथरली आणि पुन्हा जागेवर येऊन स्वस्थ बसली. बॅटरी चालूच, वीज वाहतेच आहे, पण सुई गप्प. बॅटरी काढली आणि सुई पुन्हा हलली.

ज्याला सतत वाहणारी वीज हवी होती त्याची इथे निराशा झाली असती. फॅराडे यांनी त्या थरथरीचा पिच्छा पुरवला. नुसत्या चुंबकत्वाने वीज मिळत नाही, ते बदलत असलं पाहिजे, हे त्यांना उमगलं. १७ ऑक्टोबरला त्यांनी साधा पट्टीचुंबक वेटोळ्यात खुपसून आणि बाहेर काढून वीज मिळवली. २८ ऑक्टोबरला मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून सलग वीज मिळवली; हा पहिला जनरेटर. अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या वीजकेंद्रात कोळशाच्या उष्णतेची वाफ जे यंत्र फिरवते त्याचं तत्त्व हेच. अमेरिकेत जोसेफ हेन्री हेही स्वतंत्रपणे याच शोधापर्यंत पोहोचले होते, पण प्रसिद्ध करण्यात फॅराडे पुढे राहिले. मंत्र्याने विजेचा उपयोग विचारला आणि फॅराडे यांनी करवसुलीचं उत्तर दिलं, ही गोष्ट भाषणांत फार रंगवतात. तिला त्या काळचा पुरावा नाही, म्हणून इथे सोडून देतो.

आता तबकडीकडे. तिच्यात तारेचं चपटं वेटोळं असतं, फोनच्या पाठीमागे दुसरं. फॅराडे यांच्या बॅटरीने जोडताना एक आणि काढताना एक, असे दोनच धक्के दिले होते. आपल्या घरच्या विजेचं चक्र सेकंदाला ५० वेळा होतं, आणि डीपीला ते पुरतं, कारण तिथे दोन्ही वेटोळ्यांमधून लोखंडाचा गाभा जातो. पॅड आणि फोन यांच्यामध्ये लोखंड नाही, फोनचं कव्हर आणि थोडी हवा आहे. ती उणीव वेगाने भरून काढावी लागते. म्हणून पॅडमधली वीज सेकंदाला साधारण एक ते दोन लाख चक्रं करते, काही नव्या प्रकारांत त्याहून जास्त. अंतर वाढलं की परिणाम झपाट्याने घटतो. फोन जरा बाजूला सरकला तरी चार्जिंग थांबतं ते यामुळेच. नव्या फोनमध्ये चुंबकाची कडी बसवतात ती वेटोळी समोरासमोर धरून ठेवण्यासाठी. लांबवर बिनतारी वीज पाठवण्याचं स्वप्न निकोला टेस्ला यांनी पाहिलं, १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळ मनोरा उभारायला घेतला, पण पैसा आटला आणि १९१७ मध्ये तो पाडला गेला.

डीपी जळण्याचं आणि फोन तापण्याचं कारणही एकाच घरातलं आहे. वेटोळ्यांमधून जाताना काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. रब्बीत पंपांचा भार वाढला की डीपीला ती सोसत नाही. पॅडवर तर वायरपेक्षा जास्त ऊर्जा उष्णतेत जाते. लिथियमच्या बॅटरीचं आयुष्य उष्णतेने घटतं आणि बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा दुपारी पॅडवर ठेवलेल्या फोनने चार्जिंग मधेच थांबवलं तर पॅड खराब समजू नका. फोन स्वतःला वाचवतो आहे. अशा दिवसांत रात्री, जाड कव्हर काढून चार्ज करावा किंवा सरळ वायर लावावी. फोन आणि पॅडच्या मधे नाणं किंवा किल्ली अडकू देऊ नये. इंडक्शन शेगडीवर भांडं तापतं तशी ती तापू शकते.

अंगावर किरणांचा मारा होतो का, अशी भीती अनेकांना असते. हे चुंबकीय क्षेत्र पेशींतले रेणू तोडणाऱ्या क्ष-किरणांच्या जातीचं नाही आणि वीतभर अंतरावर ते फार क्षीण होतं. खरी काळजी पेसमेकर बसवलेल्यांनी घ्यायची. ॲपलसारख्या कंपनीचाच सल्ला आहे की चुंबक असलेला फोन आणि चार्जर अशा उपकरणापासून १५ सेंटिमीटरहून दूर ठेवावा, आणि वायरलेस चार्जिंग सुरू असेल तर ३० सेंटिमीटरहून दूर. शर्टाच्या डाव्या खिशात फोन ठेवायची सवय असलेल्या ज्येष्ठांनी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं.

फॅराडे यांची स्वतःची तब्येत मात्र लवकर ढासळली. १८४० च्या सुमाराला, पन्नाशीच्या आतच, त्यांना चक्कर, डोकेदुखी आणि विस्मरण यांनी घेरलं. काही वर्षं संशोधन जवळजवळ बंद पडलं. पत्नी सारा यांच्यासोबत ते स्वित्झर्लंडला जाऊन राहिले. पाऱ्याची भांडी उघडी ठेवून काम करण्याच्या त्या काळच्या पद्धतीवर काहींचा संशय आहे. ठाम निदान झालेलं नाही. तरीही १८४५ मध्ये त्यांनी चुंबकाचा प्रकाशावर होणारा परिणाम शोधला. गणित त्यांना येत नव्हतं. लोहकीस टाकलेल्या कागदावर दिसणाऱ्या रेषा ते मनाने पोकळीत पाहत. त्या रेषांना गणिताचं रूप दिलं ते पुढे मॅक्सवेल यांनी.

१८५५ मध्ये थेम्स नदीतून बोटीने जाताना त्यांनी पांढऱ्या कार्डाचे तुकडे पाण्यात टाकले. इंचभर बुडण्याच्या आत ते दिसेनासे झाले. हे त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून कळवलं. तीन वर्षांनी उन्हाळ्यात दुर्गंधीने पार्लमेंटच हैराण झाली, तेव्हा कुठे गटारांच्या कामाला वेग आला. अकोल्यात मोर्णेचा पूल ओलांडताना हे कार्ड मला नेहमी आठवतं.

सरदारकी त्यांनी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. शेवटची वर्षं विस्मरण वाढत गेलं. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्टच्या घरी, खुर्चीत बसलेले असतानाच ते गेले. वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन नको, अशी त्यांची इच्छा होती. हायगेटच्या स्मशानभूमीत साधी कबर आहे. ते लोखंडी कडं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवलेलं आहे. त्याच्या तारांवरचं कापड आणि दोरा अजूनही दिसतो.