दोन रुपयांची चाकरी

पावस, पूर्णगड आणि आसपासच्या खेड्यांतून पोटासाठीं मुंबईस जाण्याची रीत फार जुनी आहे. चाकरमानी सणास घरीं आला म्हणजे पडवींत एक प्रश्न हटकून निघतो: दुसऱ्याच्या चाकरींत हाडें झिजवून पदरीं काय पडतें? धन्याचें घर भरतें, आपलें होतें तसेंच राहतें. हा प्रश्न केवळ आळशाचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. पुष्कळदां तो प्रामाणिक कष्टकऱ्याच्याच तोंडून येतो. म्हणून निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

जावजींचा जन्म 1839 सालीं झाला. घरची स्थिति अत्यंत गरिबीची. शाळा जवळजवळ नाहींच. दहाव्या वर्षाच्या सुमारास ते मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत दरमहा दोन रुपयांवर लागले. काम खिळे घासण्याचें. साच्यांतून ओतून निघालेल्या शिशाच्या खिळ्यास कडेला खडबडीतपणा राहतो, तो घासून काढावा लागतो. एका अंगानें केसभर अधिक घासलें गेलें कीं खिळा वांकडा बसतो व सबंध ओळ बिघडते. त्यांतून देवनागरी लिपि! काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरें मिळून शेंकडों निरनिराळे खिळे लागतात. दिवसभर शिसें घासणाऱ्या पोरास त्यांत गोडी ती कसली? परंतु जावजींनीं त्याच कामांत अक्षर पारखण्याची नजर कमावली.

हा छापखाना 1817 पासून मराठी छापीत होता. टॉमस ग्रॅहम साहेबांनीं तेथें मराठी खिळ्यांत मोठी सुधारणा केली, आणि गणपत कृष्णाजींसारखा नामांकित मुद्रक जावजींच्या आधीं तेथेंच तयार झाला. पुढें जावजी टाइम्सच्या व नंतर इंदुप्रकाशच्या छापखान्यांत गेले.

येथें जरा थांबलें पाहिजे. सुमारें पंधरा वर्षें जावजींनीं दुसऱ्यांच्या पगारावर काम केलें, आणि त्या पगारानें ते श्रीमंत झाले नाहींत. जो म्हणेल कीं नेकीनें राबणाऱ्यास धनी आपण होऊन वर आणतो, त्याला या चरित्रांत आधार सांपडणार नाहीं. जावजींच्या हातीं राहिली ती कसब. महिन्याचा पगार महिन्यांत संपे; कसब संपली नाहीं.

1864 सालीं त्यांनीं स्वतःची खिळे ओतण्याची शाळा काढली व 1869 सालीं निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू या कुशल कारागिराची त्यांस जोड मिळाली. पोलादावर अक्षराचा उलटा ठसा कोरावयाचा, तो तांब्यांत ठोकून साचा करावयाचा व त्यांत शिसें ओतावयाचें. यांतील कोरण्याचें काम आरूंचें. निर्णयसागरचें पंचांग घरोघर गेलें. 1881 पासून विनायक कोंडदेव ओकांचें ‘बालबोध’ मासिक तेथें निघूं लागलें. 1886 पासून ‘काव्यमाला’ निघाली. पंडित दुर्गाप्रसाद व काशीनाथ पांडुरंग परब यांनीं संशोधिलेले संस्कृत ग्रंथ त्या मालेंतून युरोपांतील पंडितांपर्यंत पोहोंचले. स्वतः फारसें न शिकलेल्या गृहस्थाच्या घरून हे ग्रंथ निघाले, याचें आम्हांस आजहि नवल वाटतें.

जावजी 1892 सालीं वारले. त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनीं छापखाना पुढें चालविला.

मिशनच्या छापखान्यांत खिळे घासणारे जावजी कांहीं एकटे नव्हते. त्यांच्यासारखींच इतर पोरें त्या शिशाच्या धुळींत राबलीं, आणि त्यांच्या नांवाचा छापखाना कोठें निघाला नाहीं. कष्टाचें फळ मिळतेंच असें खेड्यांत सांगणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंनीं त्यांचीहि आठवण ठेवावी. आरूंचें नांव तरी मुद्रणाच्या धंद्याबाहेर कितीजणांस ठाऊक आहे? पण निर्णयसागरचें एखादें जुनें पुस्तक जुन्या घराच्या फडताळांत सांपडलें, तर कागद पिवळा पडलेला असतो, कडा तुटतात, आणि अक्षर मात्र स्वच्छ वाचतां येतें.