हेव्याला दिलेले उत्तर

रमजानमध्ये मशिदीत बयान असो की घरातली चर्चा, ‘बुखारी शरीफ’चे नाव निघतेच. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची वचने आणि आचरण सांगणाऱ्या हदीसींचा हा संग्रह. सुन्नी मुस्लिमांमध्ये कुरआननंतर याच ग्रंथाला सर्वाधिक प्रमाण मानतात. तो सिद्ध करणाऱ्या इमाम बुखारींना मात्र हयातीत इतरांच्या मत्सराचे चटके सोसावे लागले.

त्यांचा जन्म हिजरी १९४ म्हणजे इ.स. ८१० मध्ये, आजच्या उझबेकिस्तानातील बुखारा शहरात झाला. वडील लहानपणीच वारले. बालपणी त्यांची दृष्टी गेली आणि आईने रात्रंदिवस केलेल्या दुआने ती परत आली, असे चरित्रकार सांगतात. घराणे अरब नव्हते. पणजोबांनी इस्लाम स्वीकारला होता. पण अल्लाहची देणगी वंश पाहून उतरत नाही. या पोरक्या मुलाला अशी स्मरणशक्ती लाभली, की मोठमोठे विद्वान थक्क होत. सोळाव्या वर्षी आई आणि भावासोबत ते हजला गेले व ज्ञानासाठी तिकडेच राहिले. पुढे गावोगाव फिरून, सुमारे १६ वर्षे खपून त्यांनी हा संग्रह तयार केला. प्रत्येक हदीस लिहिण्यापूर्वी ते स्नान करून दोन रकात नमाज अदा करीत.

हिजरी २५० मध्ये ते इराणातील निशापूरला आले. सारे शहर स्वागताला लोटले. तिथले ज्येष्ठ हदीसतज्ज्ञ मुहम्मद बिन याह्या जुहली यांनीच लोकांना स्वागताला जायला सांगितले होते. पण थोड्याच दिवसांत बुखारींच्या मजलिशीत जागा पुरेना आणि जुहलींची मजलिस ओस पडू लागली. समोरच्या दुकानावर रांग लागली म्हणून आपला माल नासत नाही, पण मन नासते. तसेच झाले. कुरआन ही अल्लाहची वाणी आहे, मात्र तिचे पठण करताना माणूस करतो तो उच्चार हे माणसाचे कृत्य आहे, असे बुखारींचे मत होते. त्याचा विपर्यास करून त्यांना पाखंडी ठरवण्यात आले. त्यांच्याकडे जाणाऱ्याने आपल्याकडे येऊ नये, असे जुहलींनी जाहीर केले. तेव्हा त्यांचे शिष्य इमाम मुस्लिम भर सभेतून उठले आणि जुहलींकडून लिहून घेतलेल्या साऱ्या हदीसी त्यांनी परत पाठवून दिल्या.

बुखारींनी मात्र वाद वाढवला नाही. ते शहर सोडून निघून गेले. विशेष म्हणजे, जुहलींकडून ऐकलेल्या हदीसी त्यांनी आपल्या ग्रंथातून काढून टाकल्या नाहीत. त्यांचे पूर्ण नाव टाळले, पण त्यांची विद्वत्ता नाकारली नाही. मन दुखावले होते, तरी न्यायाचा काटा त्यांनी ढळू दिला नाही.

मायदेशी बुखाऱ्यात दुसरी कसोटी होती. तिथल्या राज्यपालाने त्यांना वाड्यावर येऊन शिकवण्यास सांगितले. नकार मिळताच निदान आपल्या मुलांसाठी इतरांना वगळून वेगळा वर्ग घ्यावा, असा निरोप धाडला. बुखारींनी तेही मानले नाही. प्रेषितांचे ज्ञान सर्वांसाठी आहे, त्यात राजपुत्राचा वाटा मोठा नाही, ही त्यांची भूमिका होती. त्याची किंमत म्हणून त्यांना जन्मगाव सोडावे लागले. समरकंदजवळच्या खरतंक गावी नातेवाइकांकडे असताना हिजरी २५६ (इ.स. ८७०) मध्ये, रमजान संपून ईदचा चंद्र उगवला त्या रात्री त्यांनी देह ठेवला. वय होते ६२ वर्षे.

हेवा करणारा वरवर शेजाऱ्यावर रागावलेला दिसतो; खरे तर त्याची तक्रार देणाऱ्याविरुद्ध असते. अल्लाहने वाटपात चूक केली, असेच तो म्हणत असतो. जुहलींना काही कमी मिळाले नव्हते. तेही थोर विद्वान होते आणि बुखारींच्या येण्याने त्यांचे ज्ञान तसूभरही घटले नव्हते. आजही बुखारी शरीफ वाचणारा त्यांनी सांगितलेल्या हदीसी वाचतोच. ज्यांचा त्यांनी हेवा केला, त्यांनीच त्यांचा वाटा जपून ठेवला.